तागेचे पाय

आईचा आजार पायांपासून सुरू झाला होता. तागेच्या पायांनाही आता मुंग्या येत होत्या, आणि माझा हा भाऊ बुटांना दोष देत होता.

"जुने बूट आहेत. बोटं बधिर होणारच."

"गेल्या वर्षी नवे घेतलेस ना?"

"मग नवे आहेत म्हणून."

हा आजार आमच्या शेलेफ्तेओ गावाच्या नावानेच ओळखला जातो. यकृत एक प्रथिन बनवतं. त्याचे चार तुकडे एकमेकांना धरून रक्तातून अ जीवनसत्त्व आणि थायरॉइडचं संप्रेरक वाहून नेतात. आमच्या घरात ज्याच्या वाट्याला बिघडलेलं जनुक येतं, त्याच्यात ही पकड सैल पडते. सुटे झालेले तुकडे वेडेवाकडे होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे धागे नसांमध्ये साचत जातात, पुढे हृदयातही. चौघांना एकत्र धरून ठेवणारी गोळी आता मिळते, पण आधी साचलेलं ती काढत नाही. आईला ती सुरू झाली तेव्हा तिच्या हातात चमचाही राहत नव्हता. एप्रिलमध्ये ती गेली.

हे मी तागेला चित्र काढूनसुद्धा समजावलं. त्याने ते नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुझं काय जातंय, डॉक्टरीणबाई? तू तर सुटलीस."

मी तपासणी करून घेतली होती. ते जनुक माझ्यात नव्हतं. तेव्हापासून या विषयात माझ्या शब्दाला घरात किंमत उरली नाही.

त्याला रक्ततपासणीसाठी बोलावलं तेही नेमकं सप्टेंबरात, मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी लग्न ठरवत नाही, आणि मरणाऱ्यानेही जरा थांबावं अशी अपेक्षा असते.

त्या सकाळी मी गाडी घेऊन थेट शिकाऱ्यांच्या तळावर गेले. मंडळी आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकून शेकोटीभोवती बसली होती. तागे बूट काढून पाय शेकत होता.

"ऊठ. दवाखान्यात वाट बघतायत."

"आणि माझ्या जागेवर कोण बसणार? तू? मूस तुझं भाषण ऐकूनच आडवा होईल."

सगळे हसले. मग लोकर जळल्याचा वास आला. प्रत्येकाने खाली आपापल्या पायांकडे पाहिलं. तागेने पाहिलं नाही. त्याच्या मोज्याचं टोक काळं पडून धुमसत होतं आणि तो मला सांगत होता, नोव्हेंबरात बघू.

रुनारमामा उठला. तो आईचा चुलतभाऊ आणि टोळीचा प्रमुख. त्याने तागेचा पाय धरून मागे ओढला आणि मोजा काढला. अंगठ्यावर मोठा फोड आला होता.

"दुखतंय?"

"काय दुखतंय?"

मामाने हात पुढे केला. "बंदूक दे."

"मामा, काहीतरीच काय! मोजाच तर जळला."

"स्वतःचा पाय जळतोय हे ज्याला कळत नाही, तो भरली बंदूक घेऊन माझ्या माणसांत बसणार नाही. दे."

शिकारीत प्रमुखाशी कोणी वाद घालत नाही. तागेने बंदूक दिली.

गाडीत बसताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त राग आला होता. माझ्या बोलण्याने हलला नाही, आईच्या मरणाने हलला नाही, आणि शिकारीतली जागा गेली तेव्हा मुकाट गाडीत येऊन बसला.

"तूच कान भरलेस मामाचे," गाडी रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला.

"मी सगळ्यांचेच भरते. ऐकतं कोण?"

त्याने अंगठ्यावरचा फोड दाबून पाहिला.

"आईलाही असं भाजलेलं कळायचं नाही?"

"नाही."

त्याने सीटचा पट्टा लावला.

"मग इतकी हळू काय चालवतेस?"