सैल पट्ट्यावरचा रशिया

"ज्या देशाला मनापासून रडता येत नाही, त्या देशाला इतिहास असूच शकत नाही!"

एवढे बोलून सरांनी टेबलावर मूठ आपटली. मुठीत डस्टर होता. त्यामुळे इतिहासाऐवजी खडूची भुकटी उठली, ती पहिल्या बाकावरच्या पोस्टमास्तरांच्या नाकात गेली आणि ते शिंकून जागे झाले.

"टपाल आलं?" त्यांनी विचारले. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती.

"नाही हो, अजून राज्यक्रांतीच चाललीय," मागच्या बाकावरून नर्सबाई म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

वर्गात माणसे एवढीच. पोस्टमास्तर यायचे ते पंख्यासाठी. संस्थेच्या सगळ्या इमारतीत चार नंबरच्या खोलीतला पंखाच तेवढा न कुरकुरता फिरे. त्या पंख्याखाली सर आठवड्यातून तीन संध्याकाळी 'रशियाचा परिचय : इतिहास, साहित्य आणि संगीत' शिकवत. शेजारच्या खोलीत फ्रिजदुरुस्तीचा वर्ग भरे. तिथे बसायला जागा नसे.

असे नेहमीच नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी सरांनी वर्ग सुरू केला तेव्हा बेचाळीस जण होते. रशियन येणाऱ्याला कारखाने बोलावून नोकरी देत. सर स्वतः ती भाषा टपालाने शिकलेले, पण उच्चार असा की ऐकणाऱ्याला थंडी वाजावी. मग एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली, की तो अवाढव्य देश फुटला आणि त्याचे पंधरा देश झाले. त्या संध्याकाळी वर्गात सात जण आले. त्यांतले दोघे खोली चुकले होते.

सर रशियाला कधी गेले नव्हते. एकदा जायचे ठरले होते. आमंत्रण आले, पण पत्र हातात पडेपर्यंत आमंत्रण देणारा देशच शिल्लक उरला नव्हता.

विद्यार्थ्यांनी त्यांना 'मृदुचिन्ह' असे नाव ठेवले होते. रशियन लिपीत या नावाचे एक अक्षर आहे. पाठ ताठ, पोट जरासे पुढे, खुर्चीत बसलेल्या कारकुनासारखे. त्याला स्वतःचा आवाज नाही. आधीच्या अक्षराला ते थोडे मऊ करते, बस. सर याच अक्षरावर अख्खा तास घेत आणि त्यांचेही पोट जरासे पुढे होते, म्हणून ते नाव बसले. सरांना ते ठाऊक होते. मनातून आवडतही होते.

पण वर्गाचा खरा मान होता कॅसेटचा. दर सत्राच्या शेवटच्या तासाला सर कपाटातून टेपरेकॉर्डर काढत, एकुलती एक कॅसेट लावत आणि खिडकी लावून घेत. ती कॅसेट त्यांना एका रशियन जहाजावरच्या आचाऱ्याने दिली होती. लेबलवर तेलाचा डाग होता, त्यातून फक्त 'प्ल' एवढीच अक्षरे दिसत. सरांनी कोश काढला आणि पुढचे अक्षर आपले आपण लावून घेतले. 'प्लाच'. म्हणजे आक्रोश.

आणि आक्रोशच होता तो. खोल, घोगरे पुरुषी आवाज, खाणीच्या तळातून आल्यासारखे. एकेक स्वर असा ओढलेला की मधे माणसाने चहा पिऊन यावा. शब्द कळत नसत. "दुःखाला शब्द नसतात," सर हळू आवाजात सांगत. "नऊशे वर्षांचा हिवाळा आहे हा. ऐका."

नर्सबाई ऐकत. तीन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गेला. तो ज्या वॉर्डात गेला, त्याच वॉर्डात त्यांची ड्यूटी होती. त्यांनी स्वतःच्या हाताने तक्ता भरला, सलाइन काढली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. रडायला सवड मिळाली नाही, आणि पुढे सवड मिळाली तेव्हा रडू येईना. मग कुणीतरी सांगितले, काहीतरी शिका, मन रमेल. शिवणाचा वर्ग भरलेला होता. त्या चार नंबरला आल्या, आणि पहिल्याच सत्राच्या शेवटी त्या कॅसेटसमोर पदर तोंडात कोंबून पाऊण तास रडल्या. तेव्हापासून तेच सत्र त्या पुन्हा पुन्हा घेत होत्या. सहावी खेप होती ही.

सरांना एकतीस वर्षांत मिळालेले प्रमाणपत्र म्हणावे तर तेवढेच.

सोमवारी संस्थेच्या फलकावर सूचना लागली. शुक्रवारी मोठ्या कचेरीतून साहेब तपासणीला येणार. ज्या वर्गात चारपेक्षा कमी डोकी दिसतील, तो वर्ग बंद. खोली मोबाईलदुरुस्तीला.

सरांची दोन डोकी होती. त्यातले एक झोपलेले.

"तू येशील का?" त्यांनी घरी बायकोला विचारले. ती भाजी निवडत होती.

"मला मेलीला काय कळतंय रशियातलं?"

"कळायची गरज नाही. नुसतं बसायचं."

"ते एकतीस वर्षं करतेच आहे." तिने एक किडका देठ बाजूला टाकला. "किती वाजता?"

चौथे डोके म्हणून शेजारच्या फ्रिजवाल्या मेस्त्रींना गळ घातली. मेस्त्री म्हणजे मोकळा माणूस. म्हणाले, "सर, त्यात काय! पोरांना एक कॉम्प्रेसर खोलायला देतो अन् येऊन बसतो. पण मला विचारलं तर काय बोलू?"

"ब्रात म्हणजे भाऊ, एवढं सांगा. आपला भ्राता, त्यांचा ब्रात."

"आयला! म्हणजे चुलत भाषाच की!" मेस्त्री खूश झाले. मग त्यांची नजर सरांच्या काखेतल्या टेपरेकॉर्डरकडे गेली. "याला काय झालं?"

"प्लग सैल आहे. साहेबांसमोर मधेच बंद पडायला नको. तेवढं बघता का?"

"ठेवून जा, सर. उद्या घोड्यासारखा पळेल."

सरांनी या वाक्याकडे लक्ष द्यायला हवे होते.

शुक्रवारी चारही डोकी बाकांवर होती. बायको लग्नाला निघाल्यासारखी चांगली साडी नेसून आली होती. मेस्त्रींनी हात धुतले होते, पण वंगण कोपरापर्यंत होते. नर्सबाई ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. पोस्टमास्तरांना सरांनी खिडकीशी बसवले होते, म्हणजे उन्हाने तरी डोळे उघडे राहतील.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. घामेजला होता, आणि पंख्याखाली आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले.

फळ्यावर ते अक्षर काढलेले होते.

"हा इंग्रजी बी का?"

"नाही, साहेब. हे मृदुचिन्ह."

"उच्चार काय याचा?"

"याला उच्चार नाही."

साहेबांनी टिपणवहीतून मान वर केली. "मग काम काय करतं?"

"आधीच्या अक्षराला मऊ करतं."

"म्हणजे नसलं तरी चालेल."

"नाही, नाही! अर्थ बदलतो, साहेब. 'ऊगल' म्हणजे कोपरा. त्याच्या शेवटी हे बसवलं की कोळसा होतो."

"कोपऱ्यात बसला की कोळसा होतो," साहेब विचारपूर्वक म्हणाले आणि त्यांनी ते लिहूनही घेतले. मग सरांच्या बायकोकडे वळले. "तुम्ही काय शिकलात, बाई?"

"सहन करायला," बायको म्हणाली. खोटे बोलायची तिला सवय नव्हती.

"वा! अन् तुम्ही?"

मेस्त्री ताडकन उभे राहिले. "ब्रात म्हणजे भाऊ, साहेब!"

"ते ठीक. पण मघाशी शेजारच्या वर्गात मला गॅस कसा भरायचा ते दाखवत होतात, ते तुम्हीच ना?"

मेस्त्रींनी सरांकडे पाहिले. सरांनी फळ्याकडे पाहिले. फळ्यावरच्या कारकुनाने कुणाकडेच पाहिले नाही.

"दोन्हीकडे आवड आहे," मेस्त्री म्हणाले आणि बसले.

आता एकच आशा उरली होती. सरांनी खिडकी लावून घेतली. "साहेब," ते म्हणाले, "डोकी मोजायच्या आधी एवढं ऐका. इतिहास मी सांगितला, साहित्य मी सांगितलं, पण रशिया इथे आहे. नऊशे वर्षांचं दुःख आहे हे. लाखो वेठबिगारांचं. बर्फात गाडल्या गेलेल्यांचं. याला शब्द नाहीत."

नर्सबाईंनी पदर हातात घेतला.

सरांनी बटण दाबले.

टेपरेकॉर्डरमधून पंधरा-वीस पोरी एकदम खिदळत बाहेर पडल्या. निदान तसे वाटले. अकॉर्डियन उधळले, टाळ्या पडू लागल्या, टाचा आपटू लागल्या, आणि त्या पोरी तारस्वरात, भरधाव, एकीच्या तोंडातली ओळ दुसरी ओढून घेत गाऊ लागल्या. खाणीच्या तळातले ते पुरुष कुठेच नव्हते. ते कधीच नव्हते.

आणि शब्द होते. स्वच्छ, सुटे, सरांना एकेक कळणारे. नवरदेवाचा एक बूट हंसाने पळवला. नवरदेव एका बुटावर नाचला. सासूने हंस पकडला, तर बुटात अंडे निघाले. हो हो हो.

'प्ल' नंतर कुठले अक्षर होते ते सरांना त्या क्षणी, उभ्या उभ्या, कळले. 'प्ल्यास'. म्हणजे नाच.

साहेबांचा पाय ठेका धरू लागला. पोस्टमास्तर पूर्ण जागे होऊन टाळ्या वाजवत होते. त्यांना अकरा वर्षांत एवढे जागे कुणी पाहिले नव्हते.

"पट्टा लोंबकळला होता!" मेस्त्री त्या गोंगाटातून अभिमानाने ओरडले. "आतला रबरी! प्लग बघायला खोललं तर हा असा सैल, टेप रेंगाळत फिरायची! नवा टाकला. आता बघा कसं पळतंय!"

गाणे संपले. कुणीतरी कॅसेटमध्ये हसले आणि टेप खटकन थांबली.

"मस्त!" साहेब म्हणाले. "माझ्या भाचीच्या लग्नात असलं काहीतरी पाहिजे होतं. पण सर, तुमच्या अभ्यासक्रमात तर 'शोकगीत' लिहिलंय."

"हो," सर म्हणाले.

"मग शोक कुठाय?"

सरांनी टेपरेकॉर्डरचे झाकण उघडून आत पाहिले. साहेबांनी वही मिटली, पंख्याकडे एकदा मायेने पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तीन डोक्यांवर खोली नाही देता येत. मोबाईलवाले सोमवारी येतील. राग मानू नका." जाताना दारात थांबून त्यांनी स्वतःशीच म्हटले, "कोपरा, कोळसा. चांगलंय."

मेस्त्री त्यांच्या मागोमाग धावले. शेजारी कॉम्प्रेसर भलत्याच आवाजात ओरडत होता. पोस्टमास्तरांनी, मोबाईलवाले उन्हाळ्यात पंखा चालू ठेवतात का, अशी चौकशी केली आणि ते निघाले. बायको म्हणाली, "मी खाली थांबते. सावकाश या." तिने 'मी म्हणत नव्हते का' असे म्हटले नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते सरांना कळले.

नर्सबाई बाकावरच होत्या. पदर अजून हातात होता. कोरडा.

"सर," त्या म्हणाल्या, "पोरी होत्या त्या?"

"हो."

"लग्नातलं गाणं?"

"बूट हरवल्याचं."

त्यांनी बराच वेळ पदराची घडी घातली, मोडली. "मग मी तीन वर्षं कशावर रडत होते हो?"

एकतीस वर्षांत सरांना विद्यार्थ्यांनी विचारलेला हा पहिला चांगला प्रश्न. त्याचे उत्तर त्यांच्या टिपणांत नव्हते. रशियाच्या इतिहासातही नसावे. बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पुढच्या महिन्यात हे गेले ती तारीख आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, तेव्हा एकदा लावायला सांगीन तुम्हाला." आणि त्या गेल्या. त्यांच्या पांढऱ्या चपलांचा आवाज जिन्यात बराच वेळ येत राहिला.

सरांनी फळा पुसला. वेठबिगार पुसले, राज्यक्रांती पुसली, कोपरा पुसला आणि कोळसाही. ते एक अक्षर शेवटपर्यंत राहिले, पाठ ताठ ठेवून बसलेले. मग तेही पुसले. त्याला आवाज नसल्यामुळे काही ऐकू आले नाही. पंखा बंद करायला त्यांनी हात नेला आणि तसाच खाली घेतला.

टेपरेकॉर्डर काखेत धरून ते शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. पोरे गेली होती. मेस्त्री जमिनीवर बसून स्क्रू डब्यात भरत होते. सरांना पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"सर, माझ्यामुळे घोटाळा झाला का?"

"छे! तुम्ही काम चोख केलंत." सरांनी घसा साफ केला. एकतीस वर्षांनंतर काही बोलायचे तर ते वजनदार असावे, असे त्यांना वाटले. दुःखाबद्दल काहीतरी. देश फुटण्याबद्दल, माणसे फुटण्याबद्दल. तसे एक वाक्य जुळतही आले होते. पण बोलताना ते वाक्य निघाले नाही.

"मेस्त्री," ते म्हणाले, "तो जुना पट्टा फेकला नसेल, तर परत बसवून द्याल का?"