चार बोल्ट एकदम

इबिनाबो जम्बो ही आमच्या फिटर टोळीची मुकादम. आडनाव जम्बो, अंगकाठी मात्र काडीसारखी. पोर्ट हारकोर्टच्या खाडीकाठी खारा वारा लोखंडाला वाळवीसारखा खातो. तिथं तिनं वीस वर्षं पाना चालवलाय.

त्या दिवशी गॅसच्या पाइपाच्या एका जोडावरचे सोळाही गंजके बोल्ट बदलायचे होते. लाइन बंद करायला परवानगी नव्हती. अशा वेळी रीत एकच. दाब निम्म्यावर आणायचा, एक बोल्ट काढायचा, नवा घालून पुरता आवळायचा, आणि मगच समोरच्या बाजूच्या बोल्टला हात लावायचा.

तीन झाले तोवर लागोसहून नवे आलेले अकिनदेले साहेब घड्याळ बघत हजर. दुपारी बडे पाहुणे यायचे होते.

"एका बोल्टला एवढा वेळ? चार-चार एकदम काढा. बाकीचे बारा धरून आहेतच की!"

आमचा डागोगो म्हणाला, "ओगा, म्हणजे साहेब, त्यातले धरून किती आणि नुसतेच उभे किती, कुणाला ठाऊक?"

"इंजिनिअर तू की मी?"

इबिनाबो गोड आवाजात म्हणाली, "साहेब म्हणतात तर चार काढू. डागोगो, साहेबांना खुर्ची आण."

"खुर्ची कशाला?"

"हुकूम तुमचा, म्हणजे तुम्ही जवळ हवात. इथं, जोडाच्या अगदी समोर. आणि कामाच्या परवान्यावर 'चार एकदम' एवढं तुमच्या हातानं लिहा."

खुर्ची आली. तिनं ती खिशातल्या फडक्यानं पुसूनही दिली. आम्ही सगळे बघतोय म्हटल्यावर साहेब बसले. पेन उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या पंपानं फुस्स करून हवा सोडली, आणि साहेब ताडकन उठले ते थेट कुंपणापाशी.

"पंप आहे साहेब, या ना!"

"नको, नको. एकेकच करा. घाईत काम बिघडतं."

"तू खरंच चार काढले असतेस?" मी हळूच विचारलं.

"वेडा की काय! पान्याला हातही लावला नसता."

नववा बोल्ट काढला, तर आतून झिजून पेन्सिलीएवढा झालेला. पुढं पाळी आल्यावर त्याच्या शेजारचे दोन्हीही तसेच निघाले. इबिनाबोनं तिन्ही साहेबांच्या तळहातावर ठेवले. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि ते तिला 'मॅडम' म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी.

सोळावा आवळून झाला. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही.

पाहुणे आले तेव्हा आम्ही भाजलेलं केळं आणि मासा खात बसलो होतो. साहेब ते तीन बोल्ट हातात नाचवत त्यांना सांगत होते, "माझा नियम आहे, एका वेळी एकच!"

डागोगोला ठसका लागला. "अगं, तुझं श्रेय चोरतोय तो!"

"चोरू दे," बोटं चाटत इबिनाबो म्हणाली. "चारचौघांत बोललाय. आता बापजन्मात त्याला चार काढा म्हणता येणार नाही."