पहिल्या बरोबरच्या चिन्हापाशी

मित्रांनो, मी एक जुने जावास्क्रिप्ट फंक्शन आहे, म्हणजे प्रोग्राममधला सूचनांचा एक छोटा तुकडा. एका लॅबच्या वेबसाइटवर, रिपोर्टच्या पानामागे मी राबते. रुग्णाच्या मोबाइलवर लिंक जाते. तिच्या शेवटी ‘रिपोर्ट’ हा शब्द, मग बरोबरचे चिन्ह आणि मग क्रमांक असतो. तो क्रमांक काढून पानाच्या हाती द्यायचा, एवढेच माझे आयुष्य.

मला लिहिणाऱ्याला त्या दिवशी जेवायला जायची घाई होती. क्रमांक ‘रिपोर्ट’ या नावाने शोधायला शिकवण्याऐवजी त्याने मला सांगितले, पहिले बरोबरचे चिन्ह गाठ आणि पुढचे सगळे उचल. प्रोग्राम तपासणाऱ्या ताईंनी तेव्हाच टोकले.

“अरे, उद्या लिंकमध्ये आधी दुसरंच काही आलं तर? नावानं शोधायला लाव त्याला.”

“ताई, लिंकमध्ये एकच तर गोष्ट असते. चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढायची?”

मी चालत होते, हे खरे. माझ्या वेगाचे कौतुक झाले आणि तो टीमचा प्रमुख झाला.

पुढे जाहिरात विभागाला जाणून घ्यायचे होते, लोक एसएमएसवरून येतात की ईमेलवरून. त्यांनी लिंकमध्ये ‘रिपोर्ट’च्या आधी आपला शब्द घुसवला, त्याचे वेगळे बरोबरचे चिन्हही लावले. कुणी कुणाला विचारले नाही. मी शिकवल्याप्रमाणे पहिल्या चिन्हापुढचे उचलत राहिले. त्या कचऱ्यावरून रिपोर्ट कुठून सापडणार? मग पान नम्रपणे सांगायचे, “आपला रिपोर्ट अजून तयार नाही.”

त्याच दिवसांत एका बसचालकाच्या पायाची जखम चिघळली होती. कोणते औषध लागू पडेल, ते आमच्या रिपोर्टवरून ठरणार होते. त्याची मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा लिंक उघडायची. तिने फोनही केला. “तयार झाला की लिंकवरच दिसेल, मॅडम. थोडा धीर धरा,” काउंटरवरून उत्तर आले.

“बाबा, अजून नाही आला.”

“येईल गं. घाई केली की माणसं चुका करतात.”

मित्रांनो, लिंक गेली तेव्हाच रिपोर्ट तयार होता. पाय मात्र कापावा लागला.

चौकशीत लॅबच्या साहेबांनी ताईंनाच विचारले, “तपासायचं काम तुमचंच होतं ना?” मला लिहिणारा मान खाली घालून फोन बघत बसला. ताईंची नोकरी गेली. त्याने माझ्या डोक्यावर जाहिरातीचा शब्द छाटणारी एक ओळ बसवली आणि हात झटकले. नावाने शोधायला मला आजही कुणी शिकवलेले नाही.

तुम्ही मोठेपणी माझ्यासारखे काही लिहाल, तर त्याला हवे ते नावाने शोधायला शिकवा. आणि नाहीच सापडले, तर ‘सापडले नाही’ असे खरे बोलायला शिकवा. ‘तयार नाही’ म्हटले की माणसे विश्वास ठेवून बसून राहतात.

त्या मुलीने नंतर एकदा ती लिंक उघडली. या वेळी मी क्रमांक अचूक दिला. पान लगेच उघडले, औषधाचे नाव सर्वांत वर होते. तिने ते वाचले आणि फोन पालथा ठेवला.