दह्याला भाकर लागते

जालीम गोळ्यांनी सुंदराबाईची हगवण थांबली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. काही खाल्लं की फुगायचं, मुरडायचं. शेजारची हलीमाबी आपल्या म्हशीचं दही रोज वाटीभर आणून द्यायची. भाकर जड पडेल म्हणून सुंदराबाई ते रेशनच्या मऊ भातावर घ्यायची. फरक पडेना, तसा तिचा नवरा किसनराव दह्यालाच नावं ठेवू लागला.

मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं. गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर आतड्यातले कामाचेही मारले. दह्यातून नवे येतात, पण त्यांनाही खायला लागतं. मऊ भात वरच पचून जातो, खाली फारसं काही पोचत नाही. ज्वारीचा कोंडा, कांदा, लसूण, डाळीची सालं, असं जे आपल्याला पचत नाही त्यावरच ते जगतात.

"तुम्ही पाहुणे बोलावता आणि ताट वाढत नाही," डॉक्टर म्हणाले.

कांदा-लसूण घरात होता. ज्वारी नव्हती. सोयाबीनच्या भावाला भुलून किसनरावानेच ती बंद केली होती, आणि कडबा संपला तशी म्हैसही विकली होती. दुकानातून थोडी ज्वारी आणली, सुंदराबाईला आराम पडला. ती संपली, मुरडा परत आला. दुकानात ज्वारी आता गव्हाहून महाग होती.

पेरणीच्या वेळी त्याने मुलाकडे, धर्मेंद्रकडे, धुऱ्याजवळचे, बांधालगतचे चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, ज्वारीसाठी मागितले.

"बाबा, साऱ्या शिवारात सोयाबीन हाय. गावभरचे पाखरं तुमच्या चार तासावर येतीन. डुकरं येगळेच."

"येऊ दे. तुह्या मायच्या पोटाचं हाय."

धर्मेंद्रने पेरून दिलं.

कणसं भरली तसा किसनराव गोफण घेऊन बसू लागला. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरांनी खाल्लेलं कोणाला जाणवायचं नाही. आता सगळ्या थव्यांचं खाणं एकट्याच्या अंगावर आलं. उरलेलं रानडुकरांनी लोळवलं. सूपभरही दाणे निघाले नाहीत.

राहिला कडबा. तो त्याने हलीमाबीच्या गोठ्यात नेऊन टाकला. तिने दाण्याचं विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी दह्याची वाटी आली. सुंदराबाईने ते भातावर ओतलं.

"म्हशीचं पोट भरलं म्हना," ती म्हणाली, "माह्या ज्वारीनं."

किसनरावाने कांदा फोडला आणि तिच्या ताटात ठेवला.