सासूबाईंनी धुतलेला फिल्टर

मित्रांनो, ही गोष्ट १९९७ सालची आहे. तिचा धक्का मी अजून विसरलेलो नाही.

मी एक जुना एअर फिल्टर आहे. मातीच्या, खडकाळ वाटांवर उड्या मारत पळणाऱ्या एका डर्ट बाइकच्या सीटखाली माझी जागा होती. दिसायला मी अगदी साधा, स्पंजची टोपी म्हणा ना. कारखान्यात स्पंजचे दोन तुकडे कडेला शिवून मला घडवले.

इंजिनालाही श्वास लागतो. बाहेरची हवा माझ्यातून गाळून आत जायची आणि धूळ माझ्या अंगावर अडकून राहायची. पण कोरडा स्पंज बारीक धूळ धरू शकत नाही. म्हणून धुऊन वाळवल्यावर माझ्या अंगाला लाल, चिकट तेल चोळायचे असते. ते तेल म्हणजे माझे हात. हातच नसले तर मी काय अडवणार?

गाडी होती एका घरच्या सूनबाईंची. लग्नाआधीपासून त्या शर्यतीत उतरायच्या. त्यांचे यजमान बेकरीत कामाला होते आणि बायकोचे त्यांना भारी कौतुक. सासूबाईंना मात्र गाडीचे नाव काढलेले खपत नसे. "तुझं ते धूड मागच्या अंगणात ठेव," एवढेच त्या बोलत. त्या काळी घरोघरी धुण्याची यंत्रे नव्हती. पण सासूबाईंच्या हातून एखादा डाग निघाला नाही, असे गल्लीत कोणी कधी पाहिले नव्हते.

मुलगी झाल्यावर सूनबाई दोन वर्षे घरीच होत्या. आता टेकडीची शर्यत आली. ती पूर्ण केली तर शर्यतीच्या एका संघात त्यांना जागा मिळणार होती. आदल्या दिवशी गाडीचा मेस्त्री घरी आला. त्याने मला हलक्या हाताने धुतले, वाळवले, तेल चोळले आणि जास्तीचे तेल निथळावे म्हणून मागच्या दोरीवर टांगले. "सकाळी बसवा. मी तिकडं मैदानावर असेन," असे यजमानांना सांगून तो गेला.

संध्याकाळी सासूबाई कपडे काढायला आल्या. मला पाहून थबकल्या. बोटाने चाचपले, नाक मुरडले. मग घराकडे एकवार पाहून हळूच म्हणाल्या, "जातेच आहे ना, तर निदान स्वच्छ जाऊ दे पोर."

मित्रांनो, पुढे जे झाले ते आठवले की आजही माझ्या अंगाचे पाणी पाणी होते. कढत पाणी, साबणाचा चुरा, वर ब्रश! त्यांनी मला घासले, आपटले, चादरीसारखे पिळले. एकदा नव्हे, तीनदा. माझी कडेची शिवण उसवली. ओरडायला तोंड असते तर सारी गल्ली गोळा केली असती. आणि त्या मात्र इतक्या मायेने धूत होत्या की मला रागही येईना.

सकाळी यजमानांनी मला उचलले. "वा, मेस्त्रीनं काय चकाचक केलाय!" म्हणत जागेवर बसवले आणि वरून सीट आवळली. मी अंधारात हादरून बसलो.

शर्यत सुरू झाली. पुढच्या गाड्यांची धूळ भसाभस आत शिरली. माझ्या उसवलेल्या कडेतून, माझ्या डोळ्यांदेखत ती इंजिनात जात होती आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हते. सूनबाई दुसऱ्या होत्या. मग पहिल्या झाल्या. लोक ओरडू लागले. आणि शेवटच्या चढावर इंजिन खरखरले, धूर सोडू लागले आणि बंद पडले.

मेस्त्रीने सीट काढली. मला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेल कुठंय?" सूनबाईंनी विचारले.

"वहिनी, मी लावलं होतं. लेकराची शपथ!"

"आणि ते उडून गेलं? उद्यापासून माझ्या गाडीला हात लावायचा नाहीस."

आजूबाजूला त्याची बाकीची गिऱ्हाइके उभी होती. एकाने तर आपली गाडी गुपचूप ढकलत लांब नेली. मेस्त्री खाली मान घालून हत्यारे गोळा करू लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ए, थांब रे."

सासूबाई! नातीला कडेवर घेऊन, कोणालाही न सांगता, त्या शर्यत बघायला आल्या होत्या. यजमानांचा तर आ वासला.

"ते लाल चिकट... ती घाण नव्हती?"

मेस्त्रीने हातातली हत्यारे खाली ठेवली. त्याने विचारले, "काकू, किती वेळा धुतलात?"

"तीनदा. निघतच नव्हतं मेलं!"

"निघेल कसं? चांगल्यातलं लावलं होतं."

आधी मेस्त्रीच हसला. मग सारे हसले. सूनबाई हसता हसता रडू लागल्या. सगळ्यांसमोर त्यांनी मेस्त्रीची माफी मागितली. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आई, तुम्ही माझ्या गाडीचं काही करायला घेतलंत?"

"घेतलं आणि घालवलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात मात्र सुनेच्या धुळीने भरलेल्या पाठीवरून फिरत होता.

संघातली जागा त्या वर्षी गेली ती गेलीच. इंजिन उघडून दुरुस्त करावे लागले आणि माझ्या जागी नवा फिल्टर आला. सूनबाईंना जागा मिळाली ती पुढच्या वर्षी. आता त्या मुलींना गाडी शिकवतात. मेस्त्रीची गिऱ्हाइके परत आली. त्याचे गॅरेज आज त्याचा मुलगा चालवतो. यजमान बेकरीतून निवृत्त झाले, पण सीटखाली हात घालायला अजून धजत नाहीत. नात परदेशी नोकरी करते आणि सायकलसुद्धा चालवत नाही. सासूबाई आता नाहीत. पण शेवटपर्यंत नव्या फिल्टरला तेल चोळायचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. "मेस्त्री, तेल कमी आणलंस," म्हणून त्याला दटावायच्याही.

मला त्यांनी फेकले नाही. शिवणयंत्राचा एक पाय डुगडुगायचा, त्याखाली घडी करून ठेवले. तिथेच मी आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू जरूर स्वच्छ करा, पण ती कोणते काम करते ते आधी विचारा. आणि कोणावर आळ घेण्याआधी, जरा थांबा. माझ्या उसवलेल्या शिवणीत आत वाकून पाहिलेत, तर लाल तेलाचा एक ठिपका अजून दिसेल. त्या दिवशी तो कोणी पाहिलाच नाही.