साकवाची वाट

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गिअरची सायकल घेतली, तेव्हा निशा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "हेल्मेट घालून जा. कोणी ओळखणार तरी नाही."

महाडच्या घरापासून बिरवाडीकडची माझी शाळा आठ-नऊ किलोमीटर, मध्ये नदी. पहिल्याच दिवशी मोठ्या पुलावर एका टँकरने मागून असा हॉर्न दिला, की मी उतरून कठडाच धरला. उरलेला पूल सायकल ढकलत पार केला. स्टाफरूममध्ये मात्र सांगितलं, "सध्या रस्त्याचा अभ्यास चाललाय." मी भूगोल शिकवतो, त्यामुळे लोकांना ते पटलं.

अभ्यास म्हणजे मोबाइलवरचा नकाशा. त्यात शेतांमधून जाणारी एक बारीक रेघ नदी ओलांडून थेट शाळेच्या मागे निघत होती. रविवारी सकाळी त्या रेघेवरून निघालो. रेघ नदीत गेली. पूल नव्हता. जानेवारीचं पाणी गुडघाभरच दिसत होतं, म्हणून सायकल धरून उतरलो. चौथ्या पावलाला शेवाळावरून पाय सटकला. मी खाली, सायकल माझ्यावर.

"काय ओ सर, सायकल धुवायला आनलीत काय?"

काठावर साळूबाई उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. तिची नात सेजल माझ्या वर्गात आठवीला. भारा खाली टाकून ती पाण्यात आली, सायकल खांद्यावर घेतली आणि काठाला नेऊन ठेवली. मी मागून बुटांतलं पाणी वाजवत आलो.

"मला पलीकडे जायचं होतं," मी म्हणालो.

"मंग साकवावरनं जावा की. त्या आंब्याच्या म्होरं हाय. आमच्या वाडीची पोरं रोज तिथनंच येतात तुमच्या शाळंत."

साकव म्हणजे अरुंद पायपूल. सायकल हातात धरूनच जावं लागतं. पलीकडे दगडांची चढण, मग शेताचे बांध. अर्ध्या चढणीवर धापा टाकत बसलो, तेव्हा आठवलं: याच वाडीची मुलं उशिरा येतात म्हणून अकरा वर्षं मी त्यांना फाटकाशी उभं करत होतो. "नदीच तर ओलांडायची, त्यात काय एवढं?" हे माझं ठरलेलं वाक्य. कपड्यांचं पाणी निथळत होतं, आणि शरमेने कान तापले होते.

सोमवारी त्याच वाटेने शाळेला निघालो. साकवावर सेजल माझ्या मागे होती. चढणीवर ती पुढे गेली. मी पोहोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती, आणि मुख्याध्यापिका राजश्रीबाई फाटकात उभ्या होत्या.

"अश्वजित सर, तुम्हीसुद्धा?"

"बाई, वाडीच्या मुलांना पंधरा मिनिटं सूट द्यायला हवी. मी आजवर उगाच त्यांना उभं केलं."

"मुलांसाठी मागताय की स्वतःसाठी?"

"दोघांसाठी," मी खरं ते सांगितलं.

मुलांना सूट मिळाली. मी आता घरून वीस मिनिटं लवकर निघतो.