गात गात गेलेल्या नागाबाई

दुपारचं जेवण झालं की विठाबाईच्या घशात पाणी अडायचं. सकाळचा चहा बिनतक्रार जायचा, रात्रीचं दूधही जायचं. अडायचं ते दुपारचं पाणी. घोट घेतला की गळा आवळल्यासारखा व्हायचा आणि पाणी मोरीत थुंकावं लागायचं. उदगीरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लातूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि आत काही नाही म्हणून सांगितलं. नवरा आनंदराज खूश झाला. विठाबाई झाली नाही. आत काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते नळीला दिसण्यातलं नव्हतं.

गळा आवळायच्या आधी हाक यायची. मागच्या खोलीतून, गेलेल्या सासूच्या आवाजात. "राजे, पानी दे गं."

सासूबाई, म्हणजे नागाबाई, जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्यांची बाज केव्हाच देऊन टाकलेली, खोलीत आता ज्वारीची पोती. तरी हाक यायची. विठाबाईनं पोती हलवून पाहिली, खोलीला चुना मारून घेतला, दारावर क्रूस ठोकला. क्रूस ठोकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हाक नेहमीपेक्षा जवळून आली. ख्रिस्ती माणसानं भुताखेतांना मानू नये, हे महिला मंडळात बायकांना तीच शिकवायची. त्यामुळे कुणाला सांगायचीही सोय राहिली नव्हती.

घर पिढ्यान्पिढ्यांचं ख्रिस्ती, नावं तेवढी गावाकडची जुनीच राहिलेली. त्यांच्या मंडळीत एक रीत आहे. कुणी गेलं की मूठमातीच्या आधी पाळक घरच्यांना विचारतात, "शेवटी काय बोलले?" आणि जे बोलले असतील ते कबरीपाशी सगळ्यांना सांगतात. मागे राहिलेल्यांना त्याचा आधार होतो. आता मरणारी बहुतेक माणसं काहीच बोलत नाहीत, नाहीतर उशी सरळ कर म्हणतात, हे पाळकांना का माहीत नसतं? पण विचारायचं काही सोडत नाहीत.

नागाबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं विठाबाईनं काढलं. हगणं-मुतणं काढलं, पाठ पुसली, कधी नाक मुरडलं नाही. पण म्हातारीच्या तोंडात नाव एकच, राजकन्येचं. राजकन्या ही त्यांची लेक, मुदखेडला दिलेली, नवरा रेल्वेत. नाताळाला यायची, बाजेवर बसून आईला केक भरवायची आणि रडत निघून जायची. ती गेली की नागाबाई सुनेलाच "राजे" म्हणून हाक मारायच्या. आधी विठाबाई ओ द्यायची. पुढं पुढं ते नाव तिला टोचायला लागलं.

नागाबाई गेल्या त्या मे महिन्यातल्या दुपारी विठाबाई मागच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. आतून हाक आली, "राजे, पानी दे गं."

"राजी मुदखेडला हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "तिलाच सांगा, रेल्वेनं आणून देईल."

पुन्हा हाक आली. मग पुन्हा, आधीपेक्षा बारीक. ऐकू येऊ नये म्हणून विठाबाई सूप जोरजोरात पाखडत राहिली. आत शांत झालं तेव्हा तिला बरंच वाटलं. तूर संपवून ती आत गेली, तर नागाबाईंचा हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि पाण्याचा तांब्या त्या हाताला वीतभर लांब होता.

तिनं हात उचलून छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि मग हंबरडा फोडला. ते रडणं खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. पण तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, "शेवटी काय बोलल्या?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गात होत्या. भजन गात गातच डोळे मिटले."

आता हे खोटं इतकं गोड निघालं की तिच्या हातात राहिलंच नाही. आनंदराजनं आईच्या कबरीच्या दगडावर कोरून घेतलं, 'गात गात प्रभूकडे गेली'. अहमदपूरच्या सभेत विठाबाईला उभं करून साक्ष द्यायला लावली, देगलूरला बोलावून नेलं. कुणाची म्हातारी शेवटच्या घटका मोजत असली की तिला मुद्दाम घेऊन जायचे, तेवढाच घरच्यांना धीर. राजकन्या तर फोनवर उठल्यासुटल्या विचारायची, "वैनी, कोणतं भजन म्हणून राहिली होती आई?" हाक सुरू झाली ती पहिल्या साक्षीनंतर. साक्षी वाढल्या तशी हाक स्पष्ट होत गेली, आणि पाणी अडायला लागलं.

शेवटी न राहवून तिनं नव्या पाळकांना सांगितलं. हे विनोद पाळक वयानं लहान, अजून लग्नही झालेलं नाही. चर्चमध्ये दोघंच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"देव क्षमा करतो, मावशी, त्यात शंका धरू नका," ते म्हणाले. "पण खोटं तुम्ही देवाला नाही सांगितलं. ज्यांना सांगितलं त्यांच्यापाशी जायला पाहिजे."

"त्यांना सांगू? ह्यांना आईचं तेवढं एकच समाधान हाय, साहेब. आन राजी पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायची न्हाई."

"तसं होईलही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. पण प्रार्थना त्यांनी करायला पाहिजे, तर तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटतं."

विठाबाईला त्यांचा असा राग आला म्हणता! घर मोडणं म्हणजे काय ते या पोराला काय कळतंय, असं पुटपुटतच ती घरी आली. दुपारी हाक आली. या वेळी मागच्या खोलीतून नाही, तिच्या पाठीशी, मानेला श्वास लागावा इतक्या जवळून. तिला वळून बघायचा धीर झाला नाही.

नागाबाईंच्या आठवणीची प्रार्थना घरीच ठेवली होती. राजकन्या आदल्या दिवशीच मुदखेडहून आलेली. सकाळपासून मंडळी जमली, ढोलकी-झांजा वाजल्या, पाळक बोलले. होता होता दुपार झाली. आनंदराज उठला आणि कौतुकानं म्हणाला, "आता आमच्या आईच्या शेवटच्या घडीची साक्ष घरच्याच तोंडून ऐका."

विठाबाई उभी राहिली. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती तोंड उघडणार तोच हाक आली, बसलेल्या माणसांच्या मधून. "राजे, पानी दे गं." कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राजकन्या पदर सावरून, ओठांवर हसू आणून ऐकायला बसली होती.

"त्या गात नव्हत्या," विठाबाई म्हणाली. "पानी मागत होत्या. मी दिलं न्हाई."

मग ती थांबलीच नाही. तूर, सूप, हात, तांब्या, सगळं बोलली. राग का आला होता तेही बोलली, आणि तेव्हापासून दुपारचं पाणी घशात अडतं तेही. आनंदराज मध्येच उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर ओसरीवर गेला. तिला वाटलं, गेला. आता हा माणूस पुन्हा आपल्याकडे बघणार नाही.

राजकन्या उठून तिच्यासमोर आली. बायकांना वाटलं, ही आता हात उचलणार.

"मला हाक मारली?"

"हाव."

"माझं नाव घेऊन?"

"तुमचंच. शेवटपर्यंत तुमचंच."

राजकन्येचा चेहरा वेडावाकडा झाला. आयुष्यभर वैनीला 'तुमी' म्हणणारी ती एकदम 'तू'वर आली. "आन तू मला भजन दिलंस. ती माझं नाव घेत गेली, ते तू दाबून ठेवलंस. तीन वर्षं मी विचारून राहिले, आई मला विसरून गेली का म्हणून. मला भजन नको होतं गं!"

विठाबाई मटकन खाली बसली. पाण्याचं तिला वाईट वाटत आलं होतं, रात्रंदिवस. आपण राजकन्येची ही हाकही हिरावून घेतली होती, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "माझं चुकलं," एवढंच ती म्हणाली, आणि तेही नीट निघालं नाही.

पाळक प्रार्थनेला उठले. राजकन्येनं त्यांना हातानं थांबवलं. ती विठाबाईपुढं गुडघे टेकून बसली आणि आपला हात तिच्या गळ्यावर ठेवला. दाबेल की काय असं एक क्षण विठाबाईला वाटलं, आणि दाबला तर दाबू दे, असंही वाटलं. मागची खोली गप्प होती. विठाबाईनं कान देऊन ऐकलं, पण हाक आली नाही.

"प्रभू," राजकन्या डोळे उघडे ठेवूनच म्हणाली, "मला हिचा लई राग आलाय. हिला माफ करायला मला आज जमत न्हाई, उद्या जमंल का ते ठावं न्हाई. तू मला शिकव." तिनं गळ्यावरचा हात काढला नाही. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाज मऊ झाला होता. "पर तवर हिचं पानी अडवू नको."

आमेन म्हणायचं कुणाला सुचेना. विठाबाई तर मान वर करायला तयार नव्हती.

पहिला आमेन बाहेरून आला, ओसरीवरून, आनंदराजचा.